शिकलेल्या माणसालाही जगाचा नकाशा का येत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की पदवीधर, रोज बातम्या बघणाऱ्या माणसांनाही नकाशावर इराण किंवा युक्रेन कुठे आहे ते दाखवता येत नाही, हे कशामुळे. याचं मूळ शिकवण्याच्या पद्धतीत आहे, असं माझं ठाम मत आहे. भूगोलात आपल्याकडून नावं पाठ करून घेतली जातात. कोणती जागा कुणाच्या शेजारी, किती लांब, मधे समुद्र की डोंगर, हे मनात कधी उभंच राहत नाही. आणि पाठ केलेली नावं परीक्षा झाली की महिन्याभरात पुसली जातात.

नाव सतत कानावर पडलं तरी जागा कळत नाही, याचा एक ठळक दाखला आहे. 2006 साली नॅशनल जिओग्राफिकने अमेरिकेतल्या 18 ते 24 वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. तेव्हा इराक युद्धाला तीन वर्षं होत आली होती, त्यांच्याच देशाचे सैनिक तिथे लढत होते. तरीही 63 टक्के जणांना नकाशावर इराक दाखवता आला नाही. बातमीत जागेचं नाव असतं, नकाशा क्वचितच असतो.

आपल्याकडे राज्य मंडळाने 2018 साली दहावीचं जे पुस्तक आणलं, त्यात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ती मांडणी मला मनापासून आवडते, कारण दोन देश शेजारी ठेवून पाहिले की हवामान, वस्ती, वाहतूक यांची कारणं लागतात. पण नकाशा भरायला मिळतो तो एकट्या देशाचा आराखडा, भोवतालचं सगळं कोरं. शिवाय दहावी झाली की विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या बहुतेक मुलांचा भूगोल कायमचा सुटतो. म्हणजे जगाचा नकाशा शेवटचा हाताळला तो पंधराव्या-सोळाव्या वर्षी. त्यातही जे 1991च्या आधी शिकले त्यांच्या डोक्यात सोव्हिएत संघ अजून अखंड आहे. त्याचे पंधरा देश झाले ते त्यांनी कधी नकाशावर पाहिलेच नाहीत. दक्षिण सुदान तर 2011 मध्ये जन्मला.

भिंतीवरचा नकाशाही फसवतो. तो बऱ्याचदा नकाशाकार मर्केटरच्या पद्धतीने काढलेला असतो. मर्केटरने 1569 साली केलेलं हे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत, खलाशांसाठी होतं. त्यात होकायंत्राची दिशा सरळ रेघेत मिळते, पण ध्रुवांकडे जावं तसं सगळं फुगत जातं. 60 अंश अक्षवृत्तावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढा वाटतो. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताहूनही बराच लहान, आणि आफ्रिका त्याच्या चौदापट. ज्या खंडात 54 देश आहेत त्याला लोक एक देश समजतात, त्यामागे हे चित्रही आहे.

दुसरा घोळ सीमेचा. देशाची सीमा आली की मन अंतर वाढवून धरतं. मुंबईहून कोलकाता हवाई अंतराने साधारण 1,660 किलोमीटर आणि ओमानमधलं मस्कत 1,570. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात नोकरीला आहेत, तरी मस्कत कोलकात्यापेक्षा जवळ आहे म्हटलं की बहुतेकांना खरं वाटत नाही.

मोबाइलवरच्या नकाशाने यात भर घातली. निळा ठिपका मधोमध, नकाशा आपल्यासोबत फिरतो, दिसतात ते दोन-चार किलोमीटर. रस्ता सापडतो, पण आपण उत्तरेला निघालोय की पश्चिमेला ते कळत नाही.

आता उपाय. सगळ्यात आधी एक पृथ्वीगोल आणा, 20 सेंटिमीटर व्यासाचा पुरतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 640 किलोमीटर. न ताणणारा शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि घट्ट ओढा. दोरा ढिला राहिला तर उत्तर चुकतं. सपाट नकाशा पाहून सगळे सांगतात की विमान अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाईल. दोरा मात्र अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान करत सेंट पीटर्सबर्गजवळून वर चढतो, आइसलँड ओलांडतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून खाली उतरतो. साधारण 19.7 सेंटिमीटर भरतो, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. मुलांच्या हातात दोरा द्या. एकदा स्वतः ओढला की ती वाट विसरत नाहीत.

नंतर नावं सुटी न शिकता वाटेत ओवून शिका. नाशिकची द्राक्षं घ्या. शून्य अंश तापमानाच्या आसपास ठेवलेला कंटेनर न्हावाशेवाहून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला निघतो: अरबी समुद्र, एडनचं आखात, बाब-एल-मांदेबची चिंचोळी सामुद्रधुनी, तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्य समुद्र, जिब्राल्टर, बिस्केचा उपसागर, इंग्लिश खाडी. प्रत्येक टप्प्यावर थांबून डावीकडे कोणता देश, उजवीकडे कोणता, एवढंच विचारायचं. बाब-एल-मांदेबला उजवीकडे येमेन, डावीकडे जिबूती आणि एरिट्रिया. 2023च्या अखेरीस तिथे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. मुंबई ते लंडन सुएझमार्गे सुमारे 11,600 किलोमीटर, केप ऑफ गुड होपमार्गे 19,800 च्या आसपास. नाशवंत मालाला वाढलेले दहा-पंधरा दिवस म्हणजे काय ते द्राक्ष बागायतदाराला सांगावं लागत नाही. अशी गरज जोडली गेली की येमेन कुठे आहे हे पाठ करावं लागत नाही.

दिशा पक्की करायची तर नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरा आणि त्यावरची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेशी जुळवा. भिंतीवर उत्तर छताकडे असते आणि मुलं ‘वर’ म्हणजेच उत्तर धरून बसतात. सूर्योदयावरून उत्तर दिशा जुळवताना काळजी घ्या: सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारासच. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत तो सुमारे 25 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो.

आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं कोऱ्या कागदावर न बघता जग काढा. आधी विषुववृत्त, दोन्ही वृत्तं (कर्क आणि मकर) आणि ग्रीनिचची रेघ, मग खंड. गिरवू नका, गिरवताना हात शिकतो आणि डोकं स्वस्थ राहतं. चुका जवळजवळ सगळ्यांच्या सारख्याच होतात. युरोप फार मोठा येतो, आफ्रिका लहान येते, आणि दक्षिण अमेरिका उत्तर अमेरिकेच्या थेट खाली येते. मायामीहून सरळ दक्षिणेला रेघ ओढून बघा: दक्षिण अमेरिकेचा जवळजवळ सगळा भाग त्या रेघेच्या पूर्वेला पडतो. चूक लाल पेनाने दाखवा, कागद बाजूला ठेवा आणि पुढच्या आठवड्यात कोऱ्या कागदावर पुन्हा सुरुवात करा.