पणजीची इरकली

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. निरोप समारंभात तिला भाषण करायचंय आणि तिला पणजीची इरकली नऊवारीच नेसायची आहे. शाळेची सूचना ‘साडी, औपचारिक पोशाख’ एवढीच. शिंपी म्हणतो, द्या, कापून शिवून देतो, पँटसारखी घालता येईल. काय करू?
– एक आई, गडहिंग्लज

उत्तर : ताई, साडीला कात्री लावू देऊ नका, ही कळकळीची विनंती. शिवलेली नऊवारी हवीच असेल तर बाजारातून नवी आणा. इरकलीचं अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगवेगळे असतात. विणकर मागावरच फासे अडकवून ते जोडतो. जुन्या साडीत पहिला दगाफटका याच जोडावर होतो. साडी उजेडात धरून जोड नि घड्यांच्या रेषा बघा. रेशीम चिरलेलं दिसलं तर ती कपाटातच बरी. धड असेल तर खुशाल नेसवा, फक्त पदराला पिना टोचू नका.

शाळेचं म्हणाल तर सूचनेत साडी म्हटलंय आणि नऊवारी ही साडीच. आपल्याकडे लग्नाकार्यात मानाचं म्हणून जे नेसतात, ते शाळेच्या व्यासपीठावर कमी औपचारिक कसं ठरेल? तरीही वर्गशिक्षिकांच्या कानावर आधी घाला. ऐन वेळी दारात पोरीचा हिरमोड नको.

खरी मेख नेसण्यात आहे. सगळी साडी कमरेच्या एका गाठीवर उभी असते. गाठ ढिली राहिली तर निऱ्या ओघळतात आणि मागे खोचलेला काष्टाही सुटतो. तुमच्या गल्लीत रोज नऊवारी नेसणारी एखादी आजी नक्की असेल. तिच्याकडून मुलीलाच शिकू द्या, तुम्ही नुसत्या बघा. नेसून तिनं जिना चढावा, खाली वाकावं, बाथरूमला एकटीनं जाऊन यावं. आत गुडघ्यापर्यंतची शॉर्ट असली की मन निर्धास्त राहतं. चोळीसाठी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आणून तिच्या मापाची शिवा. पणजीची चोळी उसवून वाढवायच्या भानगडीत पडू नका. भाषण करायचंय, तेव्हा दाबाची नथ नको, बोलताना ती घसरते आणि हात सारखा नाकाकडे जातो.

घरी आल्यावर लगेच घडी घालू नका. घामाचा ओलावा सावलीत जाऊ द्या, मग सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला.