माओ त्से-तुंग की माओ झेडोंग?

प्रश्न असा आला आहे: जुन्या मराठी पुस्तकांत माओ त्से-तुंग, चाऊ एन-लाय, चू तेह, लिन पियाओ हे चिनी कम्युनिस्ट नेते भेटतात, हल्लीच्या लेखांत माओ झेडोंग, झोउ एनलाय, झू डे, लिन बियाओ. माणसे तीच का? आणि मराठीत लिहायचे कसे?

माणसे तीच. चिनी नावेही तीच. बदलले ते रोमन लिपीतले स्पेलिंग, आणि आपण दोन्ही वेळा चिनी नाव न ऐकता ते स्पेलिंगच देवनागरीत उतरवून घेतले.

जुने स्पेलिंग दोघा इंग्रजांच्या नावाने ओळखले जाते. टॉमस वेड यांनी १८६७च्या पाठ्यपुस्तकात ती पद्धत मांडली, हर्बर्ट जाइल्स यांनी १८९२च्या शब्दकोशात ती पक्की केली. नवी पद्धत म्हणजे पिनयिन. चीनच्या संसदेने ती १९५८मध्ये मंजूर केली आणि १ जानेवारी १९७९पासून परदेशी भाषांतल्या सरकारी मजकुरात तीच वापरायची असे ठरले. माओ, चाऊ आणि चू तेह तिघेही १९७६मध्येच वारले होते. त्यांच्या हयातीत छापलेल्या मराठी मजकुरात जुनी रूपे दिसतात, ती त्यामुळे.

आता उच्चाराकडे. उत्तरेकडच्या प्रमाण चिनी भाषेत आपल्यासारखे ब, द, ग नाहीत. तिथे भेद आहे तो अल्पप्राण आणि महाप्राण यांचा: प आणि फ, त आणि थ, क आणि ख. वेड-जाइल्स पद्धतीत प आणि फ दोन्हींसाठी ‘पी’ हेच अक्षर, फक्त महाप्राणापुढे एक स्वल्पचिन्ह वर टांगलेले. छापखान्यांनी ते चिन्ह सर्रास गाळले. पिनयिन रचणाऱ्यांनी विचार केला की रोमनमधली ‘बी’, ‘डी’, ‘जी’ ही अक्षरे आपल्याला नाहीतरी रिकामीच आहेत, ती अल्पप्राणांना देऊन टाकू. चिनी माणसासाठी सोय झकास झाली. पण पिनयिनमधला ‘डी’ म्हणजे आपला द किंवा ड नव्हे, तो त आहे. ‘बी’ म्हणजे प.

म्हणून लिन पियाओ बरोबर आणि लिन बियाओ चूक, निदान कानाला. झू डे हे तर पाहवत नाही. चू तेह त्यापेक्षा पुष्कळ जवळ, फक्त त्यातला ह चिनी उच्चारात नाही आणि एकारही नाही. तो ‘त’ अकाराच्या जवळ जातो. झोउमधला झ आपल्याकडे घोष (म्हणताना गळा थरथरतो असा) आणि महाप्राण, आणि मूळ ध्वनी दोन्ही नाही. ट म्हणताना जीभ जिथे वळते तिथे नेऊन च म्हणा, तो खरा. तेव्हा ‘चौ अन-लाय’ हे सर्वांत जवळचे. चाऊ त्याच्या मागोमाग येतो, झोउ फारच दूर राहतो.

माओच्या नावात तर मराठीला घबाडच मिळाले आहे. पिनयिनमध्ये ‘झेड’ अक्षराने लिहिलेला तो ध्वनी म्हणजे आपला दंत्य च, चाक आणि पाच यांमधला. इंग्रजांना तो एका अक्षरात लिहिता येईना म्हणून त्यांनी ‘टी-एस’ जोडून वेळ मारून नेली आणि आपण त्याचे त्से केले. उच्चार साधारण ‘माओ च-तुंग’, चाकातला च घेऊन. हिंदी भाषकाला हा ध्वनी मुद्दाम शिकावा लागतो, आपण तो जन्मभर वापरतो आणि तरी झेडोंग लिहितो!

महाप्राणांची बाजू जुन्या रूपांतही बिघडलेली आहे. ते गाळलेले स्वल्पचिन्ह इथे नडले. सेनानी पेंग देहुआई यांचा खरा उच्चार ‘फंग त-ह्वाय’ (ओठ मिटून म्हटलेला फ, फॅनमधला नव्हे). ल्यू शाओ-ची यांतला ची हा छी. डेंग श्याओपिंग हे ‘तंग श्याव-फिंग’.

आडनाव आधी येते, हेही सांगायला हवे. माओ हे आडनाव. धाकटे भाऊ माओ त्से-मिन आणि माओ त्से-तान. मधला ‘त्से’ त्या पिढीतल्या भावांना सामाईक. त्यामुळे दुसऱ्या उल्लेखात ‘झेडोंग म्हणाले’ लिहिणे परक्याने फारच सलगी केल्यासारखे आहे. माओ म्हणाले, चाऊ म्हणाले, एवढेच.

अल्पप्राण-महाप्राणाच्या नियमाचा एक मासला आपल्या घरचा आहे. जपानशी युद्ध चालू असताना सेनापती चू तेह यांनी १९३७च्या नोव्हेंबरात नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली आणि १९३८मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘ह्वा’ आहे, म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव मराठीत ‘के दिहुआ’ असे लिहिलेले आढळते. चिनी तोंडी ते ‘ख ति-ह्वा’ होते. कोटणीसातला क तिकडे ख झाला, द्वारकानाथातला द त झाला, कारण द त्यांच्याकडे नाहीच. त्यांच्या मुलाचे नाव सेनानी न्ये रुंग-चन यांनी सुचवले: यिन-ह्वा, भारत आणि चीन.

मग लिहायचे काय? माझे मत: माओ त्से-तुंग, चाऊ एन-लाय, लिन पियाओ ही रुळलेली रूपे बदलू नयेत. ती निर्दोष नाहीत, पण नव्यांपेक्षा जवळची आहेत. चू तेहमधला ह गाळायचा तर गाळा. डेंग मात्र आता इतके रुजले आहे की तंग लिहिले तर वाचक कपड्यांचा विचार करील. ते राहू द्या. शोधणाऱ्याची सोय म्हणून पहिल्या उल्लेखात पिनयिनवरून आलेले रूप कंसात द्यायला हरकत नाही. गावांच्या बाबतीत मी सैल आहे. येनान लिहा, यानआन लिहा.

माओंचे प्रतिस्पर्धी, राष्ट्रवादी नेते चँग कै-शेक यांना या सगळ्यात ओढू नये. त्यांच्या नावाचे प्रचलित रूप दक्षिणेकडच्या कँटनी उच्चारावरून आले आहे. प्रमाण चिनीत तेच नाव ‘च्यांग च्ये-श’ होते, आणि तसे छापले तर ते कोण हे निम्म्या वाचकांना कळणार नाही.