ऑल-इन्क्लुझिव्ह सागरी प्राणी उद्यानाचं महागडं तिकीट काढावं का?

"सगळं धरून आहे, म्हणजे पैसे वसूल होतीलच ना?" हे सागरी प्राणी उद्यानाच्या तिकिटाबद्दलच्या तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि हातातलं काम तसंच टाकून लिहायला बसले. अगदी हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी माझ्या ताईच्या नवऱ्याने म्हटलं होतं. त्यावरून आमच्या घरात जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही.

तुम्ही दोघं, मुलं ४ आणि ९ वर्षांची. दिवसभराचं तिकीट, त्यात खाणंपिणं, स्नॉर्केल (तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी आणि मास्क), वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा पोशाख), टॉवेल, लॉकर. डॉल्फिनबरोबर पोहायचं तर वर आणखी पैसे. आम्ही गेलो ते उद्यानही याच धर्तीचं. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, आमची होती.

भाऊजी हिशेबाला पक्के. निघण्याआधी त्यांनी रीतसर तक्ता केला होता. डावीकडे तिकिटाची रक्कम. उजवीकडे जेवण बाहेर केलं असतं तर इतके, स्नॉर्केल भाड्याने घेतलं असतं तर इतके, पेयं इतकी. बेरीज अशी काही जुळवली की डॉल्फिन जवळपास फुकटातच पडत होता. मी विचारलं, "पण एवढं खाणार कोण?" म्हणाले, "मी आहे ना!" माझ्या नवऱ्याने तक्ता पाहिला आणि ऑफिसात रजा नाही म्हणून सांगितलं. शहाणा माणूस.

तिथे पोचल्यावर पहिला घोळ झाला भाऊजींच्या मिशीचा. त्यांची मिशी चांगली भरघोस आहे. स्नॉर्केलच्या मास्कची रबरी कड वरच्या ओठावर घट्ट चिकटावी लागते, आणि मध्ये केस आले की तिथून पाणी झिरपतं. भाऊजी पाण्यात तोंड घालत, दहा सेकंदांत नाकापर्यंत खारं पाणी, की खोकत वर. तिथला मुलगा येऊन सांगून गेला, मिशीला थोडं पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर ओठालगतची रेघभर काढून टाका. रेघभर सोडा, एक केस काढायची तयारी नव्हती. चौथ्या वेळी मास्क काठावर ठेवला आणि थेट जेवणाच्या काउंटरकडे गेले. दिवसभर तिथेच. त्या कृत्रिम खडकांमधले शेकडो मासे त्यांनी पाहिले ते वरून, हातात ताटली घेऊन.

(तुमच्यापैकी कुणाला चष्मा असेल तर आधीच फोन करून विचारा. चष्म्याच्या काड्यांमुळेही मास्क बसत नाही. काही ठिकाणी नंबरचे मास्क देतात, पण सगळ्या नंबरचे नसतात.)

दुसरा घोळ डॉल्फिनचा. माझी लेक तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि डॉल्फिनच्या पाण्यात उतरायला सहा पूर्ण लागतात. नियम तिकिटावर छापलेला होता, पण तक्ता करणाऱ्या माणसाने तो वाचला नव्हता. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं डिस्कव्हरी कोव्ह हे या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण, २००० साली सुरू झालेलं. तिथेही ६ वर्षांचीच अट आहे. तुमच्या चार वर्षांच्या पोराचा प्रश्न इथेच निकालात निघतो. आता काठावर त्याच्यापाशी कोण बसणार, ते तुम्ही नवराबायको आधीच ठरवा. आमच्याकडे ते गृहीतच धरलं होतं. मी बसले. माझ्या डॉल्फिनचे भरलेले पैसे बुडाले आणि तेव्हापासून भाऊजी मला म्हणतात, "मेहुणीबाई, तुम्ही पैसे पाण्यात घातलेत. तेही पाण्यात न उतरता!"

उतरले होते. तेच तर सांगायचंय.

बाकीचे डॉल्फिनकडे गेल्यावर आम्ही दोघी पाकटांच्या उथळ तळ्यात गेलो. पाकट म्हणजे स्टिंगरे. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत, लेकीच्या कमरेपर्यंत. पहिली दहा मिनिटं ती माझा हात सोडेना. मग एक मोठी पाकट आमच्या पायांजवळ येऊन वाळूवर बसली. चादर झटकून पसरावी तशी अंगाची कड हलवली, थोडी वाळू पाठीवर घेतली आणि गप्प. लेक वाकून बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, हिच्या डोळ्यांच्या मागे भोकं आहेत. उघडझाप करतायत."

ती श्वासाची भोकं. पाकटीचं तोंड आणि कल्ले पोटाखाली. वाळूत बसल्यावर खालून पाणी ओढलं तर वाळूच आत जाईल, म्हणून ती पाठीवरच्या त्या दोन छिद्रांतून पाणी आत घेते आणि खालच्या कल्ल्यांतून सोडते. हे मला तिथल्या मदतनीस मुलीने सांगितलं. शेपटीचा काटा नखासारखा कापलेला असतो आणि नखासारखाच परत वाढतो, हेही तिनेच. लेकीने दोन बोटांनी पाठीवर हात फिरवला. बुळबुळीत, पण खालून मऊ, भिजलेल्या मखमलीसारखं. पाऊण तास आम्ही हललो नाही. कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी रांगेत उभं केलं नाही. आणि हे वरच्या पैशांत नव्हतं, साध्या तिकिटात होतं.

नंतर काठावरून डॉल्फिनचा कार्यक्रमही पाहिला. अर्धा तास, एका गटात आठ-दहा जण. हिशेब करा, एकेकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं. त्यातला अर्धा वेळ फोटोचा. शिट्टी, मासा, पप्पी, फोटो. शिट्टी, मासा, पुढचा. आणि ते फोटो ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये नव्हते बरं का! तक्त्यात तो रकानाच नव्हता, तेव्हा भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

लेकीने विचारलं, "तो हसतोय ना?" हसत नाही. डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. आजारी असला, कंटाळला, तरी चेहरा तोच राहतो. झोपतानाही हा प्राणी अर्धा मेंदू जागा ठेवतो, कारण श्वासासाठी त्याला आठवणीने वर यावं लागतं. मोकळ्या समुद्रात दिवसाला कितीतरी किलोमीटर फिरणारा, आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधणारा जीव तो. त्याला भिंतींच्या आत मेलेला मासा तोंडात देऊन पप्पी द्यायला लावायची, आणि त्याचे आपण वरून पैसे भरायचे. माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगते, डॉल्फिनचे जादा पैसे भरू नका. परवडत असले तरी भरू नका.

भाऊजींचं यावर ठरलेलं उत्तर असतं: "वेळेवर खायला, डॉक्टर, शार्कची भीती नाही. आणखी काय हवं?" मग भारताने २०१३ मध्ये डॉल्फिन पार्कना परवानगी द्यायची नाही असं उगाच ठरवलं का? कॅनडाने २०१९ मध्ये देवमासे आणि डॉल्फिन करमणुकीसाठी बंदिस्त ठेवण्यावर कायद्याने बंदी आणली, फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा केला. अमेरिकेत अशी सागरी उद्यानं चालवणाऱ्या सीवर्ल्ड कंपनीने स्वतःच २०१६ मध्ये ऑर्का देवमाशांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. एवढे सगळे काय हळवे आहेत? ही यादी मी दर दिवाळीला ऐकवते, ते दर दिवाळीला विषय बदलतात.

तर तुमचा प्रश्न. साधं तिकीट काढण्यासारखं असू शकतं, पण ते जेवणावर वसूल करायला जाऊ नका. पोट भरलं की झोप येते आणि पाण्यात उतरायचा कंटाळा. पाण्यात तुमचे किती तास जाणार, तेवढंच मोजा. आणि ते तुम्हाला वाटतात त्याहून कमी भरतात, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढतं. वेटसूट घालूनही मुलं तासाभरात कुडकुडायला लागतात. नऊ वर्षांच्या मुलाला तोंड पाण्यात घालून पोहता येत नसेल तर निम्मं तिकीट वाया. निघण्याआधी घरी बादलीत सराव करून घ्या, हसू नका. विजा चमकल्या की सगळ्यांना बाहेर काढतात, आणि उष्ण प्रदेशात वीज बहुधा दुपारनंतरच येते. म्हणून दरवाजा उघडताना आत शिरा. पैसे परत मिळतात की फक्त दुसरी तारीख, ते आधी विचारा. आपलं सनस्क्रीन नेऊ नका, बहुतेक ठिकाणी ते चालत नाही, त्यांचंच देतात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर ताई हे वाचून फोन करेल. ती डॉल्फिनच्या पाण्यातून बाहेर आली तेव्हा रडत होती. आनंदाने. उकडून सोललेल्या अंड्यासारखी कातडी म्हणाली, आणि त्याने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली. त्या वर्षी तिचं बरंच काही बिनसलं होतं. तिच्यापुढे मी माझी यादी वाचत नाही. आणि काटा कापलेली पाकट तरी कुठे स्वखुशीने त्या तळ्यात आली होती? तिच्या पाठीवर हात फिरवणारी मीच.

लेक आता अकरा वर्षांची आहे. मासा काढायचा म्हटलं की अजून डोळ्यांमागे दोन भोकं काढते, माशाला नसली तरी.

परवा भाऊजींचा फोन आला. पुन्हा जाऊ या म्हणाले, आता पोरगी सहाच्या पुढे आहे, आणि या वेळी मिशी काढतो. मी म्हटलं, आधी काढा, फोटो पाठवा, मग बोलू. फोटो अजून आलेला नाही. नवा तक्ता मात्र आलाय.