वाचकांचे प्रश्न : बोलण्यातला मान

प्रश्न : आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. गेल्या वर्षी मुलाचे लग्न पुण्याच्या मुलीशी झाले. सून गुणी आहे. पण चहाचा कप हातात दिला तरी ‘थँक्यू आई’ म्हणते आणि पाणी हवे असले तरी ‘जरा पाणी मिळेल का?’ असे विचारते. स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी वागते, याचे मला वाईट वाटते. तिचे आईवडील आले तेव्हा मी ‘बसा जी, जेवल्याबिगर जाऊ देत नाही’ म्हटले, तर त्यांना ती जबरदस्ती वाटली, असे नंतर कानावर आले. आमचे कुठे चुकले?

उत्तर : ताई, आपले चुकलेले नाही आणि सुनेचेही नाही. पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी तमिळ, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि इंग्रजी या तीन भाषांतील बोलणे तपासून १९७८ मध्ये असे मांडले की, माणसाला दुसऱ्याकडून दोन गोष्टी हव्या असतात : आपल्याला आपले मानले जावे आणि आपल्यावर कोणी काही लादू नये. या दोन्ही गरजा सगळ्यांनाच असतात. आधी कोणती जपायची, हे मात्र घराघरांत आणि प्रांताप्रांतांत वेगळे असते. आपल्या वऱ्हाडात पहिली आधी जपली जाते. रोडग्याच्या पंगतीत पाहुणा दोन्ही हात ताटावर आडवे धरतो, तरी वाढणारा बोटांच्या फटीतून वांग्याची भाजी सोडतोच. पहिला ‘नको’ कोणी मोजत नाही, दुसरा मोजला तर यजमान कंजूष ठरतो. आपल्या व्याह्यांकडे पहिलाच नकार खरा धरायची रीत असेल, तर ‘जाऊ देत नाही’ हे शब्द त्यांना दार अडवल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. पुढच्या वेळी आग्रह जरूर करावा, पण एकदाच करावा आणि शेवटचा शब्द त्यांचा राहू द्यावा.

सुनेच्या ‘थँक्यू’बद्दल मात्र मला तिची बाजू घ्यावीशी वाटते. घरात आभार मानायचे नसतात, ही आपली रीत मायेची आहे, यात शंका नाही. परंतु त्या रीतीच्या आडोशाने घरातल्या बाईने पहाटेपासून रात्रीपर्यंत केलेल्या कामाची कोणीच दखल घेत नाही, हेही तितकेच खरे आहे. आजवर आपण केलेल्या चहाबद्दल घरातल्या कोणी तोंडाने काही म्हटले असेल, असे मला वाटत नाही. ती म्हणते, तर म्हणू द्यावे. आपल्याला ते परके का वाटते, हे तिला एकदा जवळ बसवून सांगावे. रीत सांगितली तर कळते, अबोल्याने फक्त गैरसमज वाढतो.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात सातवीतला एक मुलगा आजोबांच्या वयाच्या सालगड्याला नावाने हाक मारून ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि सालगडी त्याला ‘छोटे मालक’ म्हणतो. मी वडिलांकडे विषय काढला, तर ते म्हणाले, ‘सर, वऱ्हाडीत सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यात अपमान नसते.’ हे खरे आहे का?

उत्तर : गुरुजी, हे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा नीट विचार व्हायला हवा. आपल्या बोलीत ‘तू’ला फार मोठी जागा आहे. आईला तू, आजीला तू, विठ्ठलालाही तू. नागपूरकडचे मित्र एकमेकांना ‘काय बे’ म्हणतात आणि त्यात निव्वळ जिव्हाळा असतो. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या गर्दीला वऱ्हाडीत थेट प्रश्न विचारीत आणि लोक ते आपलेपणाने ऐकून घेत. तेव्हा केवळ ‘तू’ ऐकू आला म्हणून कोणाला उद्धट ठरवू नये.

पण रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा अभ्यास करून जो निकष दिला, तो आपल्या गावांना तंतोतंत लागू पडतो. दोघे एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर ती जवळीक असते. एकजण ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘तुम्ही’च म्हणावे लागते, तेव्हा ती सत्ता असते. त्या वडिलांना एवढेच विचारावे की, सालगड्याने त्यांना उद्या नावाने हाक मारून ‘ए, इकडे ये’ म्हटले तर चालेल का? चालणार नसेल, तर दोष वऱ्हाडीवर ढकलता येत नाही. पाडव्याला सालगडी ठरतो तेव्हा रोख रक्कम किती, धान्य किती, यावर बोलणे होते. वखरापासून गोठ्यापर्यंतचे काम त्या बोलीत येते, बारा वर्षांच्या पोराचे ‘ए’ ऐकून घेणे त्यात येत नाही.

विदर्भाला हा विषय नवा नाही. पूर्वी महार समाजाने वरच्या जातींपुढे ‘जोहार मायबाप’ म्हणावे, अशी सक्ती असे, आणि त्याला उत्तर म्हणून कोणी जोहार करीत नसे. आंबेडकरी चळवळीने तो जोहार टाकून दिला. ‘जय भीम’ या अभिवादनाचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. त्याचे मोठेपण मला यात दिसते की, ‘जय भीम’ला उत्तरही ‘जय भीम’च येते. गडचिरोलीकडे गोंड बांधव एकमेकांना ‘सेवा जोहार’ म्हणतात, तिथे तोच जोहार दोन्ही बाजूंनी जातो आणि अभिमानाचा होतो. स्वीडनमध्ये १९६७ साली सरकारी आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘तू’ म्हणू आणि त्यांनीही आपल्याला तसेच म्हणावे, असे जाहीर केले. पुढे काही वर्षांत तो देश बहुतांशी ‘तू’वर आला. आपल्याकडे तो मार्ग चालेल, असे मला वाटत नाही. वयाला मान देण्याची आपली सवय चांगली आहे. ती जातीपाशी आणि मजुरीपाशी थांबू नये, एवढेच करायचे आहे.

त्या मुलाला वर्गात उभे करून बोलू नये. घरात जे ऐकले तेच तो बोलतो. सुरुवात शाळेतूनच करता येईल. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाईंना मुलांच्या देखत शिक्षक काय म्हणून हाक मारतात, हे आधी पाहावे. सगळे शिक्षक त्यांना ‘ताई, तुम्ही’ म्हणू लागले, तर मुलांना वेगळा पाठ द्यावा लागणार नाही. सालगड्यांना मुलांनी ‘काका’ किंवा ‘बाबा’ म्हणावे, हे पालकसभेत कोणाचे नाव न घेता, सर्वांसाठी म्हणून सांगावे.

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातील गावातून एका अमेरिकन कंपनीचे काम करतो. साहेबांनी ‘शुक्रवारपर्यंत हे पाहणे तुम्हाला शक्य होईल का?’ असे लिहिले. मी ‘प्रयत्न करतो’ असे कळवले आणि काम सोमवारी दिले. ते नाराज झाले. त्यांनी स्पष्ट सांगायला नको होते का?

उत्तर : त्यांच्या रीतीने त्यांनी स्पष्टच सांगितले होते. इंग्रजीत कामकाज करणाऱ्या कार्यालयांत हुकूम बहुधा प्रश्नाच्या रूपात येतो, कारण हाताखालच्या माणसावरही लादणे तिथे असभ्य मानतात. आपली आई ‘दुकानात जाशील का रे?’ म्हणते तेव्हा आपण ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे असे समजत नाही. तसेच हेही समजावे. उलट आपले ‘प्रयत्न करतो’ हे आपल्याकडे नकाराचे सौम्य रूप आहे, पण त्यांनी ते होकार म्हणून वाचले. अशा वेळी ‘शुक्रवारी होणार नाही, सोमवारी दुपारपर्यंत देतो’ असे त्याच दिवशी लिहून कळवावे. वरिष्ठांना नाही म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटेल, पण त्यांना पुढचे नियोजन करता येईल आणि तिथे त्यालाच सौजन्य म्हणतात.