घरात कापूस ठेवून बसलेल्या भावासाठी

भाऊ, तुझी पोस्ट वाचली अन् 2022 चा मीच दिसलो. तू विचारतो, आत्ता विकू की थांबू: पस्तीस क्विंटल कापूस घरात, खेडा खरेदीवाला (दारावर येऊन घेणारा व्यापारी) क्विंटलला सात हजार दोनशेच्या वर बोलत नाही, 2025-26 चा हमीभाव 8,110 तरी सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचा नाही, कारण तुझे काका म्हणतात मार्चमध्ये भाव दहा हजार होईल. केंद्रावरची नोंदणी, सातबारा, ओलावा हे मी सोडून देतो.

आधीच सांगतो, मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. जे समजलं ते मार खाऊन समजलं.

2021-22 ला कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला, तुलाही आठवत असेल. ज्यांनी उलंगवाडीपर्यंत (वेचणी पार संपेपर्यंत) ठेवला ते गावात हुशार ठरले, अन् मी दिवाळीत विकून टाकला होता म्हणून सासऱ्यापासून सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. म्हणून पुढच्या वर्षी, म्हणजे 2022 च्या नोव्हेंबरात, बेचाळीस क्विंटल मधल्या खोलीत भरला. दारात गाडी आली, 8,800 देतो म्हणाला, अन् मी त्याला चहा पाजून परत पाठवला. डोक्यात दहा हजार पक्का बसला होता, त्याच्या खालचा भाव म्हणजे कोणीतरी आपल्याला लुटून राहिलं असंच वाटे.

तेव्हा जगात काय चालू होतं ते मला माहीतच नव्हतं, खरी चूक ती. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात मे 2022 मध्ये रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव पौंडाला दीडशे सेंटच्या वर होता, ऑक्टोबर संपेपर्यंत तो निम्म्यावर आला होता. युक्रेनचं युद्ध, तिकडे महागाई, लोकांचा पैसा पेट्रोल अन् किराण्यातच चालला, नवे कपडे कोण घेते? कपड्याला गिऱ्हाईक नाही तर सुताला नाही, सुताला नाही तर जिनिंगवाला (कापसातून सरकी काढणारा) आपला कापूस कशाला घेते. म्हणजे मी ज्या दिवशी गाडी परत पाठवली त्या दिवशी भाव आधीच पडलेला होता, फक्त आमच्या गावापर्यंत पोचायचा होता.

हे काही नवीन नाही राजेहो. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथल्या दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तर आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं अन् भाव कोसळला. तेव्हाही कोणाचे तरी काका म्हणतच असतील, थांब अजून वाढते.

तर माझं काय झालं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. पोरांच्या अंगाला खाज सुटली, उंदरांनी खोलीत घर केलं, बायको रात्री उठून चूल नीट विझली का पाहून यायची कारण मधली खोली म्हणजे नुसता बारूद. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरलं असतं तर बिनव्याजी होतं, भरलं नाही, सवलत गेली. एक लाख सावकाराचे महिन्याला शेकडा दोन रुपयांनी होते, ते तसेच चालू. जूनमध्ये पेरणीला बियाण्याचे पैसे नाहीत तेव्हा झक मारून 6,900 ने दिला. काट्यावर चढवला तर बेचाळीसचा साडेएकोणचाळीस भरला, वाळला ना. 3,69,600 चे 2,72,550 झाले. वर सात महिन्यांचं सावकाराचं व्याज चौदा हजार. एक लाख अकरा हजार रुपये मी थांबण्याची फी भरली.

मधात एक प्रयत्न केला होता तो पण ऐक. माल तारण ठेवून कर्ज मिळते असं ऐकलं म्हणून एका कार्यालयात गेलो. पहिल्यांदा साहेब ट्रेनिंगला. दुसऱ्यांदा फॉर्म संपले. तिसऱ्यांदा बाबूने मान वर न करता सांगितलं, योजनेत कापूस बसत नाही. अरे मग पहिल्या दिवशीच सांगायचं होतं ना, माझ्या तीन मजुऱ्या गेल्या! (तुझ्याकडे सोयाबीन, तूर, हरभरा असेल तर मात्र पणन मंडळाची ती योजना बरी आहे, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजाने, सहा महिने. तिथे थांबण्यात अर्थ आहे, कारण थांबणं स्वस्त पडते.)

मला अक्कल आली ती बायकोमुळे. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सांबार (कोथिंबीर) विकणारी बाई वीसची जुडी पाचला देऊन राहिली होती. बायको म्हणे, हिने दुपारी वीसला विकली, आता पाचला देते, ही वेडी आहे का? उद्या सुकली तर बकरीला टाकावी लागते हे तिला समजते, तुम्हाला नाही समजलं. मी गप.

म्हणून तू स्वतःला एकच विचार. आज तुझ्या हातात रोख अडीच लाख असते, तर त्याचा कापूस विकत घेऊन मार्चपर्यंत घरात भरला असता का? नसता ना? मग आत्ताही तेच करून राहिला तू, फक्त कापूस तुझ्याच वावरातला आहे म्हणून तसं वाटत नाही. लागवडीला किती खर्च आला, मागच्या वर्षी काय भाव होता, हे बाजाराला काही घेणं नाही. मलाही हे ऐकून राग आला होता.

2025-26 च्या हंगामाचं म्हणशील तर, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून काढलं ते 31 डिसेंबर 2025 पर्यंत नव्हतं. शुल्क नसलं अन् इथला भाव जरा वर गेला की गिरणीवाला बाहेरच्या रुईच्या गाठी आणते. वरून ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं होतं, म्हणजे तमिळनाडूतल्या तिरुपूरचे कपडे तिकडे कमी जायची भीती. शुल्क परत लागलं की भाव थोडा सुधारतही असेल, मी ज्योतिषी नाही, पण तोपर्यंत गिरण्यांची गोदामं स्वस्त गाठींनी भरलेली असतात. दहा हजार कुठून येते ते काकांना विचार.

माझं मत, चुकलं तर शिव्या देऊ नको: सावकाराचं देणं असेल तर तेवढा तरी कापूस याच महिन्यात केंद्रावर टाक. बाकीचा, देणं नसेल अन् हौस असेल तर ठेव, पण पोरं झोपतात त्या खोलीत नको. अन् वजन वाढवायला पाणी मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नको, केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की गाडी परत, भाडं तुझं.

सावकाराचा दर किती अन् सोसायटीची तारीख कोणती ते लिही, हिशोब मांडून देतो.