संगणकाच्या तक्रारी : एकाच नावाच्या दोन फायली

प्रश्न : आमच्या छापखान्यात जुळणीसाठी जुना आयमॅक आहे, हिशेबाला विंडोज आणि कोपऱ्यात उबुंटू लिनक्सचा सर्व्हर, सांबाने (विंडोजला लिनक्सच्या फायली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने) शेअर केलेला. मॅकवरचं काम रात्री आरसिंक या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने सर्व्हरवर येतं. हल्ली एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फायली दिसतात, अक्षर न् अक्षर सारख्या. एक्सेलमधली लिंक दरवेळी जुनीच उघडते. दुरुस्तीवाला म्हणतो, सर्व्हर फॉरमॅट करा. करू का?
– एक मुद्रक, सातारा जिल्हा

उत्तर : अजिबात नको. सर्व्हर धडधाकट आहे, भानगड ‘ऱ’ची आहे.

हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी लिहिता येतं : एकसंध ‘ऱ’, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब. विंडोजवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप केलं की एकसंध येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था मात्र नाव साठवतानाच त्याची फोड करते. सर्व्हरवरचा लिनक्स नुसते बाइट, म्हणजे साठवलेले आकडे बघतो. एकसंध ‘ऱ’चे ३, फोडलेल्याचे ६, म्हणजे त्याच्या लेखी फायली दोन. तुमची लिंक एकसंध नावाची आहे, म्हणून मॅकवरून आलेली दुरुस्त यादी तिला दिसतच नाही.

खात्री करायची तर विंडोजवर नाव बदलायला घ्या, ‘ऱ्यां’च्या पुढे कर्सर ठेवून एकेकदा बॅकस्पेस मारा. शेवटी नुक्ता उडून ‘र’ उरला, तर ती मॅकची फाइल. मग एस्केप दाबा, नाव जसंच्या तसं राहील. तुमच्याकडे ‘वारकरी’ कधी दुप्पट झाला नसेल, ‘वारकऱ्यांची’ झाली असेल, तीही तपासा.

आता उपाय. आधी दोन्ही याद्या उघडून बरोबर कोणती ते ठरवा आणि दुसरी बाजूला काढा, कारण त्या नावाची फाइल आधीच असेल तर पुढची आज्ञा अडते. मग सर्व्हरवर ‘कॉन्व्हएमव्ही’ ही फायलींची नावं बदलणारी आज्ञा बसवून नावं एनएफसी, म्हणजे एकसंध रूपात आणा. नुसती चालवली तर ती काय बदलेल तेवढंच दाखवते. ही बदलांची यादी वाचायचा कंटाळा करू नका. एवढ्यावर थांबलात तर रात्री आरसिंक पुन्हा फोडलेली नावं आणून ठेवेल. त्याला नावांचं रूप बदलणारा ‘आयकॉन्व्ह’ पर्याय द्यायला हवा, आणि तो आवृत्ती ३ पासूनच आहे. जुन्या मॅकसोबत २.६.९ येते, तेव्हा तिथे नवी आवृत्ती बसवा. सर्व्हरवरची बहुधा पुरेशी नवी असेल.

एक जात मात्र या उपायाला दाद देत नाही. काही कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘या’च्या आधी न दिसणारा जोडक घालतात. दिसायला तेच, पण एनएफसीच्या हिशेबी वेगळं. अशी नावं हातानेच पुन्हा टाइप करावी लागतील.