सायकलने सिंहगड ४८ मिनिटांत चढतो. चढाच्या क्रिटेरियमसाठी हलकी कार्बन चाकं घेऊ का?

नका घेऊ. त्या पैशात चांगले टायर, मागे ३२ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरचा संच) आणि पुढच्या दोन-तीन रेसची एंट्री फी बसते.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात छोट्या लॅपच्या, चढ असलेल्या सर्किटवर तुमची पहिलीच क्रिटेरियम (त्याच छोट्या वाटेवर फेऱ्या मारायची सायकल रेस) आहे, वजन ७२ किलो आहे, दर रविवारी सिंहगड करता, आणि ग्रुपमधल्या सीनियर मंडळींनी सांगितलंय की अर्धा किलो हलकी चाकं लावलीत की चढावर तुम्हाला कोणी धरणार नाही. शेवटी हळूच हेही विचारलंय की लॅप पडून, म्हणजे पुढच्यांनी एक पूर्ण फेरी जास्त मारून मागून गाठल्यावर, पंचांनी बाहेर काढलं तर इज्जत जाते का. या दोन्ही गोष्टींवरून माझा पुण्यातल्या आमच्या ग्रुपशी जुना वाद आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

मी मूळचा कोथरूडचा. कात्रज, बोपदेव, सिंहगड हेच माझं शिक्षण. पुढे नोकरीमुळे अमेरिकेत मोलिनला आलो. मिसिसिपीच्या काठचं गाव, ट्रॅक्टरच्या कंपनीमुळे इथे पुण्याची बरीच मंडळी आहेत. आजूबाजूला सगळी मक्याची शेतं, त्यामुळे चढ विसरायचा असं मी धरून चाललो होतो. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं की दक्षिणेला दीड तासावर, आयोवातल्या बर्लिंग्टन गावात, मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत एक क्रिटेरियम होते आणि ती एका गल्लीतून वर चढते. गल्लीचं नाव स्नेक ॲली.

ही गल्ली १८९४ साली बांधली. वरच्या टेकडीवरची वस्ती आणि खालची बाजारपेठ जोडायला. लांबी जेमतेम ८४ मीटर, चढ जवळपास १८ मीटर, म्हणजे २१ टक्के. त्यात पाच अर्धवर्तुळाकार वळणं आणि वर-खाली मिळून दोन पाव वळणं. सगळी विटांची फरसबंदी, आणि घोड्यांच्या टापांना पकड मिळावी म्हणून विटा तिरक्या बसवलेल्या. अग्निशामक बंबाचा घोडा निवडताना त्याला या गल्लीतून चौखूर वर पळवायचे आणि वर पोचल्यावर जो उभा राहील तो घ्यायचे, असं तिथली माणसं सांगतात. गाड्यांना इथे फक्त उतरायची परवानगी आहे. रेसमध्ये मात्र प्रत्येक लॅपला याच गल्लीतून वर जायचं, माथ्यावरून वळसा घेऊन भरधाव उतरायचं आणि पुन्हा गल्लीच्या तोंडाशी यायचं.

मी पुण्याला फोन केला तेव्हा आमच्या ग्रुपचे काका म्हणाले, "अरे, ८४ मीटर? सिंहगडाचं एक वळण आहे ते. तू डोळे मिटून जाशील." काकांचा मला आदर आहे. स्टीलच्या सायकलवर बोर घाट मारलेला माणूस आहे. पण त्यांचं एक ठाम मत आहे: जो घाट लवकर चढतो तो कुठलाही चढ लवकर चढतो, आणि घाट लवकर चढायचा तर वजन उतरवा, आधी पोटाचं आणि मग सायकलचं. पुण्यातले निम्मे सायकलवाले हेच मानतात.

पहिल्या वर्षी मी नवख्यांच्या गटात उतरलो. शिट्टी झाली आणि सगळे जे सुटले ते सपाटीवरच्या शेवटच्या स्प्रिंटसारखे. रेस तर आत्ताच सुरू झालीय, इतकी घाई कशाची, असा प्रश्न मला पडायच्या आतच गल्लीचं तोंड आलं आणि उत्तर मिळालं. रस्ता एकदम अरुंद झाला. पुढचे दहा-बारा जण सरळ वर गेले. त्यांच्या मागच्या एकाने ऐन वळणात गिअर टाकला, चेन पडली, त्याचा पाय खाली आला. त्याला चुकवताना दुसऱ्याचं मागचं चाक विटांवर सरकलं. तिसरा त्याच्यावर. अर्ध्या मिनिटात ती गल्ली वारीच्या दिवशीच्या दिवे घाटासारखी भरली, फरक एवढाच की कोणाच्या मुखी देवाचं नाव नव्हतं. २१ टक्क्यांवर एकदा पाय टेकला की परत बसून क्लीट (बूट पेडलला अडकवणारी खाच) लावणं होत नाही. सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. क्लीटचे बूट विटांवर खडखडतात आणि घसरतात, पुढच्याची चेन तुमच्या दंडाला काळं फासते, दोन्ही बाजूंना लोक घंटा वाजवत ओरडत असतात, आणि तुमच्या पायात जो सिंहगड असतो त्याचा तिथे काडीचा उपयोग नसतो. माथ्यावर पोचून बसलो तेव्हा पुढचा बंच, म्हणजे एकत्र जाणारा घोळका, उतारावरून दिसेनासा झाला होता.

त्यानंतर रिकाम्या गल्लीतून मी प्रत्येक लॅपला व्यवस्थित चढलो. माझ्या आजूबाजूच्यांपेक्षा बराच बरा चढलो. पण उतारावर आणि सपाटीवर मी एकटा वारा कापत होतो आणि पुढे पंधरा जण आलटून पालटून ओढत होते. थोड्या लॅपमध्ये त्यांनी मला मागून गाठलं आणि पंचांनी हात करून बाहेर काढलं.

ग्रुपवर ही बातमी टाकली तर काकांचा मेसेज आला, "घाटावर पळणारा गल्लीत अडकला. चाकं बदल." खाली अंगठ्यांची रांग. मला ते लागलं. आजही लागतं, कारण ते चूक होतं आणि आकडेमोडीत दाखवता येईल इतकं चूक होतं.

आता तुमच्याच वजनावर हिशेब करू. तुम्ही ७२, सायकल ८, बूट-हेल्मेट-बाटली ३, एकूण ८३ किलो. असा भार १८ मीटर वर उचलायला, ताशी दहा किलोमीटरने गेलात तर, साधारण ३० सेकंद लागतात आणि निव्वळ चढासाठी ४८० वॅटच्या आसपास ताकद लागते. त्यातला अर्धा किलो कमी केला की ०.६ टक्के वाचले. ३० सेकंदांचे ०.६ टक्के म्हणजे एक सेकंदही नाही, दोन दशांशाच्या आत. "फिरणारं वजन दुप्पट धरतात" असं कोणी म्हणेल. ते वेग वाढवताना, एका लयीत चढताना नाही. तरी धरा दुप्पट, चार दशांश सुद्धा होत नाही. आणि पुढच्याचा पाय खाली आला तर एका फटक्यात जातात दहा-पंधरा सेकंद, वर बंच जातो तो वेगळाच.

सिंहगडावर हेच गणित वेगळं दिसतं. ४८ मिनिटांचे ०.६ टक्के म्हणजे सतरा सेकंद. ते घड्याळात दिसतात, मेसेजमध्ये टाकता येतात, म्हणून लोकांचा चाकांवर विश्वास बसतो. घाटात तुम्ही एकटे, रस्ता मोकळा, एका लयीत पाऊण तास. क्रिटेरियमच्या चढावर अर्धा मिनिट जीव तोडून, मग दम परत यायच्या आत उतार, वळण, ब्रेक, पुन्हा स्प्रिंट, पुन्हा चढ. तिथे पायांपेक्षा पुढे कोण आहे हे महत्त्वाचं.

दुसऱ्या वर्षी नोंदणी सुरू झाल्या झाल्या मी नाव घातलं, कारण तिथे ओळ लावताना आधी नाव दिलेल्यांना पुढे उभं करत होते. चाकं तीच, जुनी ॲल्युमिनियमची. वजनही तेवढंच, उलट हिवाळ्यात थोडं वाढलेलं. शिट्टी झाल्यावर मी मागे न बघता सगळं ओतलं आणि गल्लीत सहावा की सातवा शिरलो. पुढचा रस्ता रिकामा. मागे सायकली आपटल्याचे आवाज येत होते आणि मी आरामात वर जात होतो. आराम म्हणजे छाती फुटायची वेळ, पण सायकल चालू होती! त्या रेसमध्ये गल्लीत दोघा-तिघांनी मला मागे टाकलं आणि माथ्यावर जाऊन पेडल थांबवलं, श्वास घ्यायला. मी पेडल मारत राहिलो आणि उतार लागायच्या आत त्यांच्या पुढे होतो. शेवटपर्यंत पहिल्या गटात राहिलो. चढाच्या क्रिटेरियमची जागा चढाआधीच्या वळणात आणि माथ्यानंतरच्या शंभर मीटरमध्ये ठरते, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

तर तुम्हाला काय करायचं ते सांगतो. पुढे ३४ आणि मागे ३२ दात ठेवा. ३४-२८ वर ७० केडन्सने (मिनिटाला पेडलच्या ७० फेऱ्या) ताशी साडेदहाच्या आसपास वेग बसतो, ताज्या पायांना तो पुरतो, पण दहाव्या लॅपला पाय ताजे नसतात. पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) चढ लागण्याआधी, चेनवर जोर नसताना बदला. माझ्यासमोर पडलेल्या चेन सगळ्या जोर लावून गिअर टाकल्यामुळे पडल्या. वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यात खडा असतो, बाहेरून जा, दोन मीटर जास्त पडले तरी चालतील. रस्ता खडबडीत किंवा ओला असेल तर उभे राहू नका, मागच्या चाकावरचं वजन उतरतं आणि चाक घसरतं. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे घ्या आणि १०० पीएसआय हवा भरायची सवय सोडा. तुमच्या वजनाला ७०-७५ भरपूर.

सरावासाठी सिंहगड सोडा असं नाही म्हणणार, पण रेसपर्यंत आठवड्यातून एकदा तळजाईचा नाही तर एआरएआयच्या टेकडीचा रस्ता धरा. पहाटे जा, नंतर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. अर्धा ते एक मिनिट पूर्ण जोर, माथा आल्यावर न थांबता आणखी पंधरा सेकंद तोच जोर, मग खाली. माथ्यानंतरचे ते पंधरा सेकंद कोणी करत नाही, कारण घड्याळातली वेळ माथ्यावर संपते. उताराचाही सराव करा. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील" हा लहानपणापासून ऐकलेला सल्ला विसरा. सायकल थांबवतो तो पुढचाच ब्रेक, फक्त वळणाआधी सरळ रेषेत, वजन मागे घेऊन दाबायचा, वळणात शिरल्यावर नाही.

आता लॅप पडण्याबद्दल. छोट्या सर्किटवर मागे पडलेल्याला बाहेर काढतात ते सुरक्षिततेसाठी. पुढचा बंच ताशी पन्नासने उतरताना मध्येच दमलेला माणूस सापडला तर दोघेही हाडं मोडून घेतील. त्यात अपमान कसला? १९८० ची जागतिक अजिंक्यपद रेस फ्रान्समध्ये सालांशला झाली, तीही सर्किटवरच, प्रत्येक लॅपला दोमांसीचा चढ, असे २० लॅप. फ्रान्सचा बर्नार इनो जिंकला. निघाले होते १०७, पूर्ण केली १५ जणांनी. बाकीचे ९२ आपापल्या देशांचे निवडलेले व्यावसायिक सायकलपटू होते. त्यांना कोणी "चाकं बदल" म्हणालं नसेल. आपल्याकडे मात्र ज्याने कधी नंबर लावून रेस केलेली नाही तोसुद्धा ग्रुपवर डीएनएफवरून (रेस पूर्ण न झाल्यावरून) टोमणे मारतो, आणि त्यामुळे कित्येक चांगले हौशी लोक पहिल्या रेसनंतर परत फिरकत नाहीत. पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय सायकल रेसपासून पुण्यात रेसची हवा तयार झालीय. ती टिकवायची असेल तर बाहेर काढलेल्या माणसाला पाणी द्या आणि पुढच्या रेसला बोलवा.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर असला अर्ध्या मिनिटाचा जोर सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. हे दर रविवारच्या सिंहगडापेक्षा फार वेगळं ओझं आहे. आणि काकांवर अन्याय नको म्हणून हेही लिहितो: तुमच्या सर्किटचा चढ किलोमीटर-दीड किलोमीटरचा आणि सहा-सात टक्क्यांचा असेल, तर वजनाचा मुद्दा थोडा वर येतो आणि घाटाचे पाय कामाला येतात. तरीही चाकं नकोतच, त्याआधी दोन किलो पोटाचे उतरतील, तेही फुकट. चढ किती लांब आणि त्याच्या आधीचं वळण किती अरुंद आहे ते कमेंटमध्ये लिहा, मग ओळीत कुठे उभं राहायचं ते सांगतो.